वाचकांचे प्रश्न : गेमिंगच्या लॅपटॉपचे ग्राफिक्स कसे पारखावे?

कॉलेजचे प्रवेश जवळ आले की गेमिंग लॅपटॉपविषयीचे प्रश्न वाढतात. त्यांतले काही या वेळी एकत्र घेतले आहेत. भाव सतत हलत असतात, म्हणून उत्तरांत किमतीपेक्षा यंत्र पारखायचे कसे यावर भर दिला आहे.

प्रश्न : दोन लॅपटॉप पाहिले. दोन्हींवर ‘आरटीएक्स ४०६०, ८ जीबी’ असेच लिहिले आहे, प्रोसेसरही जवळपास सारखा. तरी एक अठरा हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणतो, कार्ड तेच आहे, स्वस्तातला घ्या. घ्यावा का? (सोलापूर)

कार्ड तेच आहे हे खरे. पण त्या कार्डाला वीज किती मिळते, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० या एनव्हीडियाच्या ग्राफिक्स चिपमध्ये ३,०७२ कुडा कोर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, असतात आणि ते दोन्ही यंत्रांत तेवढेच असणार. मात्र ही चिप किती वॅटवर चालवायची, याची मुभा एनव्हीडियाने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना दिली आहे आणि ती ३५ ते ११५ वॅट इतकी मोठी आहे. त्यावर ‘डायनॅमिक बूस्ट’ नावाची सोय असते. प्रोसेसरवर ताण कमी असेल तेव्हा त्याच्या वाट्याची काही वीज ग्राफिक्सकडे वळते आणि काही मॉडेलांत हा आकडा १४० वॅटपर्यंत जातो. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला पंखे आणि तांब्याच्या नळ्या पुरेशा बसत नाहीत, म्हणून कंपनी चिपला ४५ किंवा ६० वॅटवर बांधून ठेवते. नाव तेच राहते, पण जड गेममध्ये फ्रेम्स, म्हणजे दर सेकंदाला तयार होणारी चित्रे, ठळकपणे कमी पडतात. ६० वॅटवर बांधलेली ४०७० पूर्ण ताकदीने चालणाऱ्या ४०६० च्या मागेही पडू शकते, आणि तिची किंमत मात्र ४०७० ची मोजावी लागते.

पूर्वी अशा कमी विजेच्या चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असे लिहिलेले असायचे आणि गिऱ्हाइकाला निदान अंदाज यायचा. ३० मालिकेपासून, म्हणजे २०२१ पासून, नावातली ती खूण गेली. आता हा आकडा स्वतः शोधावा लागतो. त्याला टीजीपी (टोटल ग्राफिक्स पॉवर) म्हणतात, काही कंपन्या एमजीपी (मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर) लिहितात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचे पान उघडा आणि ग्राफिक्सच्या ओळीत किंवा तळाच्या बारीक टिपांत पाहा. ‘११५ वॅट’ किंवा ‘१४० वॅट’ असे काहीतरी सापडेल. कुठेच आकडा दिलेला नसेल, तर तो मिरवण्याजोगा नाही असे समजायला हरकत नाही.

दुकानात यंत्र चालू असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडा, ‘हेल्प’मध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ पाहा. तिथे ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ लिहिलेली असते. तेही जमले नाही तर चार्जर उलटा करा. त्यावरचे आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट मिळतात : २० व्होल्ट गुणिले ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॅट. चार्जर १३५ किंवा १५० वॅटचाच असेल, तर ११५ वॅटचे ग्राफिक्स, ४५ वॅटचा प्रोसेसर, पडदा आणि पंखे एकाच वेळी पूर्ण जोराने चालणे शक्य नाही, हा हिशेब दुकानातच होतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. ४०६० च्या बाबतीत १०० वॅटच्या पुढे मिळणारा फायदा थोडाच असतो. त्यामुळे १०० आणि १४० वॅटमधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ४५ आणि १०० मधला फरक मात्र दरवेळी खेळताना जाणवेल. तुमचा स्वस्तातला लॅपटॉप १०० वॅटच्या आसपास निघाला, तर तो खुशाल घ्या. मग किंमत बहुधा पडद्यात किंवा बांधणीत वाचवलेली असेल, तेवढे डोळ्यांनी तपासा.

प्रश्न : मुलगा यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जाईल. अभ्यास आणि गेम दोन्हींसाठी लॅपटॉप हवा म्हणतो. आमची तयारी साधारण ऐंशी हजारांची आहे. जाहिरातीत कुठे ४ जीबी ग्राफिक्स लिहिलेले असते, कुठे १२ जीबी. किती जीबी घ्यावे? (नाशिक)

आधी हा ‘१२ जीबी’ आकडा तपासा. ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, वेगळी असते. ती अपुरी पडली की विंडोज लॅपटॉपच्या साध्या रॅममधला काही भाग उसना देते. काही विक्रेते या दोन्हींची बेरीज करून मोठा आकडा छापतात. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ग्राफिक्सच्या नोंदीवर गेलात की ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ आणि ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ अशा दोन ओळी दिसतात. पहिलीच खरी.

गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांची चित्रे, म्हणजे टेक्श्चर्स, व्हीरॅममध्ये ठेवली जातात. ती मावली नाहीत की साध्या रॅममधून आणावी लागतात, आणि तो रस्ता कितीतरी हळू आहे. म्हणूनच व्हीरॅम कमी पडली की गेम सरसकट मंदावण्याऐवजी मधेच अडखळतो. सरासरी फ्रेम्स ठीक दिसतात, पण वळण घेताना झटका बसतो. टेक्श्चर्सची सेटिंग ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणली की हा त्रास बराच कमी होतो.

४ जीबी (जुन्या ३०५० मध्ये असते ती) आज घेऊ नये. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांना ती चालेल, पण चार वर्षांचा कॉलेजचा काळ पुरणार नाही. ६ जीबी (४०५० किंवा ३०५० ची नंतरची आवृत्ती) म्हणजे कामचलाऊ. मिळत असेल तर ८ जीबीच घ्या. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम : द डार्क एजेस’ (२०२५) या गेमना रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्यांचा खराखुरा हिशेब) करू शकणारी चिप आणि ८ जीबी व्हीरॅम ही किमान अट आहे. लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०५० ला ८ जीबी असते. त्यामुळे तुमच्या रकमेत ४०५० आणि ५०५० दोन्ही समोर आले आणि वॅट सारखे असले, तर ५०५० घ्या. वरच्या चिपच्या मोहात जाताना हेही लक्षात ठेवा, की लॅपटॉपच्या ४०६०, ४०७०, ५०६० आणि ५०७० या सगळ्यांना ८ जीबीच व्हीरॅम आहे. १२ जीबी हवी तर ४०८० किंवा ५०७० टीआय गाठावी लागते, आणि ती किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाही.

प्रोसेसर सहा कोरचा पुरे. तिथे एक फसगत ओळखायला शिका. एएमडीच्या ७००० आणि ८००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरच्या आकड्यातला तिसरा अंक पिढी सांगतो : ७५३५एचएस मध्ये तो ३ आहे, म्हणजे जुनी रचना. ७६४०एचएस मध्ये ४, म्हणजे नवी. पहिला अंक दोन्हींत ७ च आहे, म्हणून दुकानात दोन्ही ‘सेव्हन थाउजंड सिरीज’ म्हणून विकले जातात.

रॅम १६ जीबी हवी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असेल तर मेमरीचा निम्माच मार्ग वापरला जातो आणि काही गेममध्ये फ्रेम्स घसरतात. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजला सुमारे ४७६ जीबी दिसते. त्यातून विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअर वजा केली की मोठे गेम दोन-तीनच राहतात. म्हणून दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट आहे का, हे विकत घेतानाच विचारा.

ऑटोकॅड, सॉलिडवर्क्सचे विद्यार्थ्यांच्या पातळीवरचे काम या यंत्रावर आरामात होते. अडचण आहे ती वजनाची. असा लॅपटॉप साधारण सव्वादोन-अडीच किलोचा, वर जाडजूड चार्जर. रोज बसने जायचे असेल तर टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारे मॉडेल पाहा. वर्गात ६५ किंवा १०० वॅटचा छोटा चार्जर पुरतो आणि मोठा घरी राहतो. त्या छोट्या चार्जरवर गेम खेळू नये, फ्रेम्स पडतात आणि बॅटरीही उतरत जाते.

प्रश्न : नवा गेमिंग लॅपटॉप घेतला. पडदा १४४ हर्ट्झचा आहे, पण गेम मक्खनसारखा चालत नाही, जुन्यापेक्षा फारसा फरक नाही. माल खराब निघाला का? (पुणे)

बहुतेक वेळा माल नीट असतो, सेटिंग चुकलेली असते. या क्रमाने पाहा.

पहिले, चार्जर लावला आहे का? कोणताही गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालत नाही. बॅटरी तेवढी वीज एका वेळी देऊच शकत नाही, म्हणून ग्राफिक्स आपोआप आवरते घेतले जाते. दुसरे, पॉवर मोड. लेनोव्होच्या लीजन मॉडेलांत एफएन आणि क्यू, असुसच्या टफ आणि आरओजीमध्ये एफएन आणि एफ५ दाबून तो बदलतो. ‘सायलेंट’वर राहिला असेल तर ग्राफिक्सला निम्मी वीजही मिळत नसेल.

तिसरे, विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वर तर नाही ना? बॅटरी वाचवण्यासाठी तो खाली आणलेला असतो. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

चौथे, गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर तर चालत नाही ना? सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’ असे जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या.

पाचवे थोडे खोलातले आहे. अनेक लॅपटॉपमध्ये मोठ्या, म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स चिपने तयार केलेले चित्र थेट पडद्यावर जात नाही. ते प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या वाटेने जाते आणि त्यात काही फ्रेम्स खर्ची पडतात. व्हॅलोरंटसारख्या, फ्रेम्स शेकड्यांनी निघणाऱ्या गेममध्ये हे जास्त जाणवते. ज्यात ‘मक्स स्विच’ असतो, त्यात कंपनीच्या ॲपमधून ‘डीजीपीयू ओन्ली’ निवडून यंत्र पुन्हा सुरू केले की ही वाट सरळ होते. बॅटरी लवकर संपेल, म्हणून कॉलेजला जाताना ते परत बदला. स्विच नसेल तर बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला जोडून पाहा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपचा तो पोर्ट थेट मोठ्या चिपला जोडलेला असतो.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’मध्ये ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. ‘१ ऑफ २’ दिसले तर रॅमची दुसरी पट्टी टाका.

प्रश्न : पडद्याच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले आहे. चालेल का? (ठाणे)

गेम चालेल, रंग फिके दिसतील. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवू शकतो याची दोन मापे आहेत. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६३ टक्के. पूर्ण एसआरजीबी म्हणजे सुमारे ७२ टक्के एनटीएससी. फोटो किंवा व्हिडिओचे काम करणार असाल तर १०० टक्के एसआरजीबीच घ्या. उजेड २५० निट्सचा असेल तर दिवसा खिडकीजवळ बसून गडद प्रसंग दिसणार नाहीत, ३०० च्या वर पाहा. आणि ४०५०, ५०५० सोबत २५६० बाय १६०० चा पडदा नको. त्यात १९२० बाय १०८० च्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल असतात आणि चिपला ते सगळे भरावे लागतात. साधा फुल एचडी किंवा १९२० बाय १२०० पडदा तिला पेलतो.

प्रश्न : आमच्याकडे एसी नाही. खेळताना प्रोसेसर ९५ अंशांवर जातो, किबोर्ड तापतो. लॅपटॉप जळेल का? समुद्र जवळ असल्याने काही वेगळी काळजी घ्यावी का? (रत्नागिरी)

जळणार नाही. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो, ग्राफिक्स चिप ८७ च्या सुमारास तेच करते. धोका जळण्याचा नसून वेग घटण्याचा आहे. पहिली दहा मिनिटे गेम छान चालतो आणि मग मंदावतो, हे त्याचेच लक्षण. खोलीचे तापमान जितके अंश चढेल, साधारण तितकेच आतले चढते, म्हणून मे महिन्यात हा त्रास जास्त.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणे. हवा तळातून आत जाते आणि टेबलाला चिकटलेल्या तळाला ती मिळत नाही. गादीवर किंवा मांडीवर ठेवून खेळणे बंद करा. साध्या कूलिंग पॅडचा उपयोग बहुतांशी मागची बाजू उचलली जाते एवढाच असतो.

दुसरा उपाय : फ्रेम्सना मर्यादा घाला. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ असतो. एकट्याने खेळायच्या गेमला ६० किंवा ९० पुरतात, उरलेली सगळी उष्णता फुकटची. तिसरा : विंडोजच्या जुन्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के करा. प्रोसेसरचा टर्बो (वाढीव वेग) बंद होतो, तापमान पटकन खाली येते आणि ग्राफिक्सवर चालणाऱ्या गेममध्ये फ्रेम्स फारशा कमी होत नाहीत. नुसत्या प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये मात्र होतात, तिथे हे करू नका. हा पर्याय काही नव्या लॅपटॉपमध्ये दिसत नाही, मग कंपनीच्या ॲपमधला ‘बॅलन्स्ड’ मोड वापरा.

वर्षातून एकदा पंखे आणि जाळ्या साफ करून घ्या. कापसासारखा थर पंख्याच्या आत, तांब्याच्या जाळीच्या तोंडाशी बसतो, तो बाहेरून दिसत नाही. घरी फुंकणी वापरणार असाल तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरा. जोराच्या हवेने ते भलत्या वेगाने फिरले तर बेअरिंग बिघडते. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलायची असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, आत साधी पेस्ट आहे की लिक्विड मेटल. असुसच्या काही आरओजी मॉडेलांत लिक्विड मेटल असते. ते विजेचे वाहक आहे, बोर्डावर सांडले तर शॉर्ट होते. गल्लीतल्या दुकानात ते उघडू देऊ नका.

खारी, दमट हवा धातूच्या जोडांना गंज आणते. लॅपटॉप समुद्राकडच्या उघड्या खिडकीपाशी ठेवू नका. पावसाळ्यात तो महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा, आतली ऊब ओल धरू देत नाही. गावाला जाताना बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

प्रश्न : वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर खेळता येईल असे काही आहे का? ऑफिसचे काम मुख्य, रविवारी थोडा गेम. (पणजी)

आहे. प्रोसेसरच्या नावाऐवजी त्यातल्या ग्राफिक्सचे नाव पाहा. रायझन ७ ७८४०एचएस किंवा ८८४०एचएस यांत रेडिऑन ७८०एम असते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ हे गेम फुल एचडीवर कमी-मध्यम सेटिंगला त्यावर नीट चालतात. अट एकच : रॅम दोन पट्ट्यांची किंवा बोर्डावरच जोडलेली वेगवान एलपीडीडीआर५ हवी. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, सगळे काम साध्या रॅमवर चालते, त्यामुळे एक पट्टी असेल तर इथे नुकसान फार मोठे होते. विंडोज ११ वर व्हॅलोरंटसाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर ते बदलायची परवानगी बहुधा तुम्हाला नसेल.

प्रश्न : आत्ता स्वस्त कार्डाचा घेऊन नंतर चांगले कार्ड बसवता येईल का? (जळगाव)

नाही. चिप बोर्डावर पक्की जोडलेली असते. रॅम आणि एसएसडी नंतर वाढवता येते, ग्राफिक्स आणि पडदा पहिल्या दिवशीच नीट निवडावे लागतात. पैसे कमी पडत असतील तर एसएसडीत काटकसर करा, ग्राफिक्समध्ये नको.

प्रश्न : वापरलेला गेमिंग लॅपटॉप घेताना काय तपासावे? (कोल्हापूर)

विकणाऱ्याकडे एक तास मागा, तो देत नसेल तर निघून या. जीपीयू-झेड हे छोटे, फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. चिपचे नाव, व्हीरॅम आणि कोर त्यात दिसतात, ते कंपनीच्या आकड्यांशी जुळवा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये बॅटरीची ‘वेअर लेव्हल’ पाहा. ३० टक्क्यांच्या वर असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. मग चार्जर लावून जड गेम किंवा ताण देणारी चाचणी अर्धा तास चालवा. पाच मिनिटांत काही कळत नाही, यंत्र पूर्ण तापल्यावरच दोष उघडा पडतो. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा तुटक पट्टे दिसले, तर व्हीरॅम किंवा चिप गेलेली समजा आणि कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. बिजागरी उघडताना करकरते का, कोपऱ्यातले प्लास्टिक उचलले आहे का, टचपॅड फुगलेला आहे का, हेही पाहा. फुगलेला टचपॅड म्हणजे बऱ्याचदा खाली फुगलेली बॅटरी. चार्जर मूळचाच हवा, कमी वॅटचा बदली चार्जर दिला असेल तर चाचणीचे आकडेच खोटे येतील. शेवटी तळावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती उरली ते स्वतः वाचा.

प्रश्न : न्यू जर्सीहून भाचा येणार आहे. तिथून लॅपटॉप मागवावा का? (सातारा)

प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो आणि चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो, तेव्हा तिथे अडचण नाही. वॉरंटी भारतात लागू आहे का, हे त्या मॉडेलपुरते लेखी विचारा, कंपनीगणिक नियम वेगळा आहे. सारखा चार्जर किंवा बॅटरी इथे मिळेल याचीही खात्री नसते. फरक दहा-बारा हजारांचाच असेल तर इथेच घ्या. व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर इथल्या बिलावरच्या १८ टक्के कराची वजावटही बाहेरून आणलेल्यावर मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या गावात दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते. गेमिंग लॅपटॉपला यूपीएस लागेल का? शिवाय चार्जर लावला की हाताला झिणझिण्या येतात. (अहिल्यानगर जिल्हा)

यूपीएस लागत नाही, लॅपटॉपची बॅटरीच ते काम करते. वीज गेली की फ्रेम्स पडतील, पण गेम बंद होणार नाही. ऑनलाइन खेळत असाल तर राउटरला मात्र १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, नाहीतर लॅपटॉप चालू आणि इंटरनेट गेलेले. घरात इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे का पाहा. स्क्वेअर वेव्हवर मोठा चार्जर गुणगुणतो आणि जास्त तापतो.

झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. तीन पिनांच्या चार्जरमध्ये विजेतला गोंगाट अर्थच्या तारेकडे सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर तो अगदी सूक्ष्म प्रवाह लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर राहतो आणि हात लावला की जाणवतो. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आजच काढा. सॉकेट तीन पिनांचे असूनही झिणझिण्या येत असतील, तर वायरमनकडून त्या सॉकेटचे अर्थिंग टेस्ट लॅम्पने तपासून घ्या : फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा फेज-न्यूट्रलइतकाच उजळ लागला पाहिजे. मंद लागला किंवा लागलाच नाही, तर दोष अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात किंवा तिथवरच्या तारेत आहे. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी सोडून पुन्हा तपासा, आणि तरीही दिवा उजळला नाही तर तार बदलून घ्या. तोवर लॅपटॉपला मेमरी किंवा दुसरा मॉनिटर जोडायचा असेल, तर आधी चार्जरची पिन भिंतीतून काढा.